भिंत शोधणारा पाय

तिचं पाऊल माझ्या अंगठ्याएवढं होतं. जन्माला येऊन नऊ दिवस झाले होते आणि दिवस भरायला अजून जवळजवळ अकरा आठवडे बाकी होते. वजन ९६० ग्रॅम. नाकात श्वासाला हवेचा दाब देणाऱ्या सीपॅप यंत्राच्या नळ्या, त्या जागेवर राहाव्यात म्हणून डोक्याला टोपी, डाव्या पावलाला सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा देणारा लाल दिवा. मी इन्क्युबेटरबाहेर उभी राहून नुसती बघत होते. उजवा पाय हळूहळू लांब व्हायचा, टाच चादरीवरून घसरत जायची, गुडघा पार सरळ व्हायचा आणि पुढे काहीच लागायचं नाही. मग दोन्ही हात दचकून बाजूला उडायचे, बोटं फाकायची आणि मॉनिटरवरचा आकडा ९२ वरून ८६ वर उतरायचा. जरा वेळ शांतता. पुन्हा तोच पाय, तीच टाच, तीच घसरण.

मी खिडकीतून हात आत घातला, आतल्या उबेत तो थोडा गरम होऊ दिला आणि तिच्या तळपायांपासून बोटभर अंतरावर तळहात उभा धरला. पाय निघाला. या वेळी टाच माझ्या हाताला लागली. तिने दाबून पाहिलं. हात हलला नाही. तिने पुन्हा दाबलं, मग गुडघा आपोआप दुमडला आणि दुसरा पायही शेजारी येऊन टेकला. हात उडाले नाहीत. आकडा ९३ वर जाऊन थांबला.

तिची आई माझ्या मागे उभी होती. बाळंतपणानंतर ती नुकती कुठे चालू लागली होती. "मॅडम, काय शोधत होती ती?"

"भिंत," मी म्हटलं.

गर्भाशय म्हटलं की आपल्याला ऊब आठवते, नाळ आठवते, पोषण आठवतं. मी नवजात बाळांची फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे मला त्याची भिंत आधी आठवते. पोटातलं बाळ सातव्या-आठव्या आठवड्यापासून हलू लागतं. तेव्हा त्याला जागा भरपूर असते, पाण्यात तरंगायचं, वळायचं, गिरक्या घ्यायच्या. शेवटच्या तीन महिन्यांत मात्र बाळ झपाट्याने वाढतं आणि जागा अपुरी पडत जाते. गुडघे पोटाशी, हात छातीशी, हनुवटी खाली. पाय ताणला की भिंत लागते आणि भिंत त्याला परत आत पाठवते. हे दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे चालतं. आईला बाहेरून लाथ जाणवते. आत त्याच वेळी स्नायूंची तालीम चाललेली असते. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचा पाय अलगद सरळ करून सोडला तर तो स्प्रिंगसारखा परत दुमडतो. तो दुमडण्याचा जोर त्या अडचणीच्या जागेने दिलेला असतो.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाची ही तालीम व्हायचीच राहिलेली असते. त्यात पाणी गेलेलं आणि गुरुत्वाकर्षण आलेलं. कालपर्यंत ज्या हाताला वजन म्हणून नव्हतं, तोच हात आज त्याला उचलत नाही. उताणं ठेवलं की मांड्या बेडकासारख्या बाहेर पडतात, कोपरं खांद्यांच्या रेषेत जातात, हात दोन्हीकडे पसरतात आणि डोकं एका अंगाला कलंडतं. तासभर असं राहिलं तर काही बिघडत नाही. पण एनआयसीयूतला, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातला, मुक्काम आठवड्यांचा असतो, कधी महिन्यांचा. खांदे मागे खेचलेले राहून तिथले स्नायू आखडले की हात तोंडापर्यंत पोचत नाही. आणि हात तोंडाशी नेणं हा तर बाळाचा स्वतःला शांत करण्याचा पहिला उपाय. दोन्ही हात छातीसमोर एकत्र येणं, पुढे वस्तू धरणं, पालथं झाल्यावर हातांवर भार घेणं, या सगळ्याचं मूळ तिथे आहे. डोकं कायम कुशीवर राहिलं तर दोन्ही बाजूंनी चपटं आणि लांबट होत जातं. मांड्या बाहेर पडूनच राहिल्या तर पुढे पाऊल टाकतानाही ते दिसतं.

जीन बॅलार्ड यांनी १९७९ साली बाळाच्या अंगावरून त्याचे आठवडे ओळखण्याचा तक्ता मांडला आणि १९९१ मध्ये तो अगदी कमी दिवसांच्या बाळांसाठी वाढवला. त्यात गुडघ्यामागचा कोन मोजतात. मांडी पोटाशी धरून नडगी हळूच वर उलगडत न्यायची. फार लवकर आलेल्या बाळाचा पाय जवळजवळ सरळ रेषेत येतो. पूर्ण दिवसांच्या बाळाचा काटकोनाच्या आसपासच अडतो. आम्ही मोठ्या माणसांमध्ये लवचीकपणाचं कौतुक करतो. इथे पाय अडला की मला आनंद होतो. हा घट्टपणा येतोही पायांकडून वर. बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पाय दुमडलेले राहू लागतात, हातांची पाळी छत्तिसाव्याच्या सुमाराला येते. म्हणून त्या दिवशी तिचा पाय भिंत शोधत होता आणि हात नुसतेच उडत होते. पाय आधी जागे झाले होते.

"एवढ्याशा जिवाला कसली फिजिओथेरपी?" हा प्रश्न मला बाळाच्या आजीआजोबांनी विचारला आहे, माझ्याच वर्गातल्या लोकांनीही विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. फिजिओथेरपी म्हटलं की व्यायाम, मशीन, चोळणं, ओढणं हेच डोळ्यांपुढे येतं. माझंही शिक्षण हालचालीचंच. सांधा किती वळतो, स्नायू किती जोर लावतो, तो कसा वाढवायचा. त्या तयारीने मी एनआयसीयूत गेले आणि पहिल्याच महिन्यात एका बाळाला त्रास दिला.

यादीत त्याचं नाव अकरा वाजता होतं, म्हणून मी अकराला गेले. ते झोपलेलं होतं. मी खिडक्या उघडल्या, चादर बाजूला केली आणि शिकवल्याप्रमाणे एकेक सांधा हलवायला सुरुवात केली. त्याने जांभई दिली. मला ते गोड वाटलं. मग उचकी लागली. मग एक हात वर आला, पाचही बोटं फाकलेली, तळवा माझ्याकडे. रस्त्यात गाडी अडवायला हात करावा तसा. मला तो हात वाचता आला नाही. मी दुसऱ्या पायाकडे वळले तेव्हा कातडी संगमरवरासारखी ठिपक्याठिपक्यांची झाली होती आणि अलार्म वाजू लागला होता. सॅच्युरेशन सत्तरीत. हृदयाचे ठोके खाली येत होते. ड्यूटीवरच्या सिस्टर धावत आल्या. मला काही न बोलता त्यांनी एक तळवा बाळाच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्याने त्याचे पाय पोटाशी दुमडून धरले आणि तशाच उभ्या राहिल्या. चोळणं नाही, थोपटणं नाही. आकडे वर यायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण तो मला फार मोठा वाटला. सगळं ठीक झाल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आधी हात नुसता ठेवायचा. हलवायचं नंतर."

त्या दिवशी फाइलमध्ये काय लिहावं हे मला बराच वेळ सुचलं नव्हतं.

जांभई, उचकी, शिंक, फाकलेली बोटं, वळवलेली नजर, कमानीसारखी ताणलेली पाठ. ही या बाळांची भाषा आहे आणि तिचा अर्थ बहुतेक वेळा "आता पुरे" असा असतो. हायडेलिस आल्स यांनी इन्क्युबेटरशेजारी तासन् तास बसून ती टिपली आणि १९८२ मध्ये त्यावर आपला सिद्धान्त मांडला. बाळाचा श्वास, त्याची हालचाल, त्याची झोप-जाग आणि त्याचं जगाकडे लक्ष देणं या गोष्टी एकमेकींना धरून असतात, एक कोलमडली की बाकीच्या ढासळतात, असं त्याचं सार. मी सांधा हलवत होते तेव्हा त्या बाळाचा श्वास ढासळत होता, तो असा. होकाराची भाषाही आहे. हात तोंडाकडे जाणं, एका पावलाने दुसऱ्या पावलाला धरणं, कापडाची कड मुठीत पकडणं, पायांनी टेकण शोधणं. आता मी यादीतली वेळ पाळत नाही. दूध द्यायच्या आधी बाळ आपणहून चाळवतं, सिस्टर डायपर बदलायला येतात, त्यांच्याबरोबरच मी जाते. आधी पाचसात मिनिटं बघते. कधी बघून परत येते आणि फाइलमध्ये लिहिते, "बाळ गाढ झोपेत, हात लावला नाही." एका कनिष्ठ सहकाऱ्याने विचारलं होतं, हे उपचारात धरायचं का? मी धरते. झोपेत त्या मेंदूची बांधणी चाललेली असते. चोविसाव्या आठवड्यात जवळजवळ गुळगुळीत असलेला मेंदू चाळिसाव्यापर्यंत घड्याघड्यांचा होतो. चौतिसाव्या आठवड्यातही त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांशच असतं. राहिलेलं काम आमच्या अलार्मांच्या आवाजात, आमच्या दिव्यांखाली व्हायचं असतं. ते मोडण्याइतकं माझं काम क्वचितच मोठं असतं.

आमच्या क्षेत्राच्या इतिहासातलं एक पान मी नव्या मुलांना मुद्दाम सांगते. एके काळी कमी दिवसांच्या बाळांच्या छातीवर कफ सुटावा म्हणून हलके ठोके देणं ही नेहमीची गोष्ट होती. बोटांनी किंवा छोट्या मऊ कपाने. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फार लवकर जन्मलेल्या काही बाळांच्या मेंदूत एक दुर्मिळ प्रकारची इजा सापडली होती आणि त्या बाळांना छातीची फिजिओथेरपी इतरांपेक्षा जास्त वेळा दिली गेली होती. ठोके देताना डोकं हलत राहणं हे कारण असू शकतं, असं त्या डॉक्टरांनी लिहिलं. लेखाच्या शीर्षकातही "संबंध असू शकतो" एवढंच होतं. पण तेवढं पुरेसं होतं. जगभर लोकांनी हात आवरता घेतला.

मी त्या थेरपिस्टांचा विचार करते. त्यांचे हात प्रशिक्षित होते, हेतू चांगला होता, पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. हे मला झोपू देत नाही आणि देऊही नये. या बाळांच्या मेंदूत आतल्या पोकळ्यांच्या कडेला अतिशय नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. दिवस भरत येतात तसं ते नाहीसं होतं, पण लवकर आलेल्या बाळात ते असतंच आणि रक्तस्राव झालाच तर बहुतेक वेळा पहिल्या ७२ तासांत होतो. त्या तीन दिवसांत आमच्याकडे डोकं सरळ मध्यरेषेत, उशाकडची बाजू किंचित उंच आणि शक्य तितका कमी स्पर्श. डायपर बदलतानाही पाय वर उचलायचे नाहीत, बाळाला किंचित कुशीवर करून कापड सरकवायचं. त्या तीन दिवसांत माझं काम म्हणजे कापडाच्या गुंडाळ्या नीट लावणं आणि दूर राहणं.

त्या गुंडाळ्यांबद्दल मला बरंच बोलायचं आहे, कारण माझा निम्मा जीव त्यांच्यात अडकलेला असतो. आम्ही त्याला नेस्ट म्हणतो. मऊ कापडाची घट्ट गुंडाळी करायची, इंग्रजी यू अक्षरासारखी वळवायची, बंद बाजू पायांकडे. कडा खांद्यांच्या मागून याव्यात, म्हणजे खांदे पुढे राहतात आणि हात आपोआप छातीकडे येतात. मांड्यांच्या बाहेरून आधार हवा, म्हणजे त्या पडत नाहीत. पालथं ठेवायचं तर छातीपासून बेंबीपर्यंत एक अरुंद घडी खाली, म्हणजे खांदे तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे उतरतात आणि गुडघे पोटाखाली मावतात. पालथं ठेवल्यावर श्वास घ्यायला मदत लागणाऱ्या बहुतेक बाळांचं सॅच्युरेशन सुधारतं, मात्र हे मॉनिटर लावलेला असतानाच. काही तासांनी कूस बदलायची, सिस्टर बाळाला हात लावतीलच तेव्हा त्यांच्याबरोबर.

मी पाहिलेले अनेक नेस्ट दिसायला फार सुंदर होते, पण चुकलेले होते. सगळीकडून गोल, गुबगुबीत, आणि पायाकडची भिंत बाळापासून वीतभर लांब. पाय तिथवर पोचतच नाही. काही वेळा उलटं, इतकं आवळलेलं की बाळाला हलताच येत नाही. आई पोटात बाळाला बांधून ठेवत नाही. भिंत असते ती टेकायला आणि ढकलायला. ढकलल्यावर किंचित सरणारी आणि मग परत येणारी. माझी कसोटी साधी आहे. नेस्ट लावल्यावर दोन मिनिटं थांबायचं. पाय ताणला, भिंतीला लागला, परत दुमडला, तर जमलं. पाय ताणलेलाच राहिला किंवा हललाच नाही, तर पुन्हा लावायचं.

ढकलण्याचा संबंध हाडांशीही आहे. बाळाच्या हाडांत साठणाऱ्या कॅल्शियमपैकी सुमारे ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत साठतं. लवकर आलेलं बाळ त्याला मुकतं. शिवाय हाड भार पडल्याशिवाय घट्ट होत नाही आणि इन्क्युबेटरमध्ये लाथ मारायला काही नसतं. अशी हाडं इतकी मऊ होऊ शकतात की दोन्ही घोटे एका हातात धरून पाय उचलण्याची साधी सवयही धोक्याची ठरते. १९९५ साली लॉरी मॉयर-माइल्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थिर झालेल्या लहान बाळांना रोज पाचदहा मिनिटं हलकी हालचाल दिली. सांध्याच्या दोन्ही बाजूंना जवळ धरून हळूच वाकवणं, सरळ करणं आणि टोकाला किंचित दाब. त्या बाळांचं वजन आणि हाडांतली खनिजं दोन्ही जास्त वाढली. मी हे काम करते तेव्हा बाळ स्थिर असावं लागतं, दूध पचत असावं लागतं आणि डॉक्टरांशी बोलणं झालेलं असावं लागतं. दोन बोटांमध्ये मांडीचं हाड, दुसऱ्या दोन बोटांमध्ये नडगी, आणि तळपायातून वर एक दाब, पिकलेलं फळ चाचपताना देतो त्याहूनही कमी. त्या दाबाला बाळ कधी कधी उत्तर देतं. तो उलटून आलेला जोर इतका थोडा असतो की श्वास रोखून धरला तरच कळतो.

सगळ्यात चांगली भिंत मात्र कापडाची नसते. कोलंबियातल्या बोगोता शहरात १९७८ साली एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांपुढे इन्क्युबेटर कमी, बाळं जास्त आणि जंतुसंसर्ग फार, अशी परिस्थिती होती. त्यांनी बाळं आईच्या उघड्या छातीवर उभी बांधली. त्याचं नाव कांगारू केअर पडलं आणि बरीच वर्षं तो गरिबीतला पर्याय मानला गेला. २०२१ मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या पाच देशांतला मोठा अभ्यास आला. १ किलो ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ८ ते २४ तास कांगारू केअरची शिफारस केली. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी त्या छातीकडे बघते तेव्हा मला जे जे हवं ते सगळं तिथे आयतं दिसतं. बाळ पालथं, किंचित उभं, हात मध्यभागी, गुडघे दुमडलेले, कानाखाली ओळखीचे ठोके. आणि ही भिंत श्वास घेते. आईचा प्रत्येक श्वास त्याला वरखाली नेतो, जसा आत असताना न्यायचा.

त्या ९६० ग्रॅमच्या मुलीचे वडील पहिल्यांदा कांगारूला बसले तेव्हा घामाघूम झाले होते. आम्ही तिघांनी मिळून तिला नळ्यांसकट त्यांच्या छातीवर ठेवलं, एकाने डोकं, एकीने अंग, सिस्टरांनी सीपॅप सांभाळला. त्यांचा तळवा तिच्या आख्ख्या पाठीपेक्षा मोठा होता आणि तो हवेतच थांबला होता.

"टेकवा ना," मी म्हटलं.

"जड होईल हो तिला."

"थोडा जडच हवा. बुडाखालून एक, डोक्यामागे एक."

त्यांनी हात टेकवला आणि लगेच बोटांनी थोपटायला लागले. सगळेच थोपटतात. प्रेमाची ती सवयच आहे आणि पूर्ण दिवसांच्या बाळाला ती आवडतेही. पण या बाळांना वरवरचा, हलता स्पर्श टोचतो. मी त्यांची बोटं माझ्या हाताखाली घेऊन थांबवली. तळवा नुसता ठेवायचा, पूर्ण, आणि काढतानाही एकदम नाही, आधी वजन कमी करत मग उचलायचा. ते पन्नास मिनिटं तसेच बसले. मध्ये त्यांनी डोळे मिटले होते. मॉनिटर सबंध वेळ गप्प होता. उठताना ते मला म्हणाले, "तिने पायाने ढकललं मला. दोनदा." कुठे ढकललं ते त्यांनी पोटावर बोट ठेवून दाखवलं.

चौतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसू लागतो, नळीतून दूध कमी होतं आणि एनआयसीयूतले दिवस हलके होतात. आईवडिलांचा प्रश्न तेव्हा बदलतो. आधी तो "जगेल ना?" असा असतो. आता "चालेल ना?" असा होतो.

या प्रश्नाला मी "हो" म्हणत नाही. म्हणण्याचा मोह फार होतो. त्याऐवजी मी त्यांना घरी गेल्यानंतरच्या एका तारखेबद्दल सांगते. मूळ तारखेपासून, म्हणजे दिवस पूर्ण भरले असते त्या तारखेपासून, तीन महिने. त्या दिवशी बाळ जागं असताना, शांत असताना, उताणं ठेवून मी फक्त चित्रीकरण करते. खेळणं दाखवत नाही, बोलत नाही, हात लावत नाही. हाइन्झ प्रेख्टल या शास्त्रज्ञाने बाळांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली आयुष्यभर पाहिल्या. मूळ तारखेनंतरच्या नवव्या ते विसाव्या आठवड्यांच्या दरम्यान निरोगी बाळाच्या मानेत, धडात, मनगटांत, घोट्यांत सतत बारीक बारीक हालचाल चालू असते, सगळ्या दिशांना, पाण्यावरच्या चमकीसारखी. १९९७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १३० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही चमक ज्यांच्यात होती, ती जवळजवळ सगळी पुढे ठीक वाढली. ज्यांच्यात ती नव्हती किंवा वेगळी होती, त्यांच्यापैकी बहुतेकांना पुढे अडचणी आल्या. पूर्वी सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या अपंगत्वाचं, निदान व्हायला बाळ वर्षाचं, दोन वर्षांचं व्हावं लागायचं. आता दुरुस्त वयाच्या सहा महिन्यांच्या आतही ते करता येतं. दुरुस्त वय म्हणजे मूळ तारखेपासून मोजलेलं, लवकर आलेले आठवडे वजा करून. ते समजावून सांगायला मी नेहमी वेळ काढते, कारण शेजारच्या बाळाशी तुलना करून रडणाऱ्या आया मी फार पाहिल्या आहेत.

एका मुलाचं चित्रीकरण मी तीनदा पाहिलं. तीन मिनिटं, पुन्हा तीन मिनिटं, पुन्हा. हातपाय हलत होते, पण ती चमक नव्हती. सहकाऱ्याला दाखवलं, काही सांगितलं नाही, तिचंही मत तेच पडलं. दोन आठवड्यांनी पुन्हा चित्रीकरण केलं. तेव्हाही नव्हती. डॉक्टर आणि मी आईसमोर बसलो. ती सगळं ऐकून घेत होती आणि तिचा हात मांडीवरच्या बाळाच्या पाठीवर होता, पूर्ण तळवा, न हलणारा, एनआयसीयूत शिकवला होता तसाच. बोलणं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "मग उद्यापासून काय करायचं?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुरुवात केली. तो मुलगा आता वॉकर धरून चालतो. एरवी हे दोन वर्षांनी सुरू झालं असतं. ती दोन वर्षं आम्हाला मिळाली, याचं मोल मला त्याच्या प्रत्येक पावलात दिसतं. आणि ज्यांना ती मिळत नाहीत त्यांच्या आठवणीने रागही येतो. जगात २०२० साली १ कोटी ३४ लाख बाळं दिवस भरायच्या आधी जन्मली, दहातलं जवळजवळ एक. त्यातल्या किती बाळांकडे तिसऱ्या महिन्यात कुणी तीन मिनिटं नुसतं बसून बघितलं असेल?

त्या मुलीकडे परत येते. छप्पन्न दिवसांची झाली तेव्हा ती छत्तीस आठवड्यांची होती, वजन १८९० ग्रॅम. इन्क्युबेटर जाऊन साधी खाट आली होती. डिस्चार्जची बोलणी सुरू झाली आणि मी तिच्या आईला सांगितलं की आता गुंडाळ्या काढायच्या. घरी बाळाने सपाट, घट्ट गादीवर, उताणंच झोपायचं, आजूबाजूला उशी नाही, कापड नाही, काही नाही. झोपेत होणारे आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे आणि इथे पालथं झोपताना पाहिलेल्या आईवडिलांना ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. बरेच दिवस मी एकेक कड आधीच सैल करत आणली होती. खांद्यांमागची गेली, मग बाजूची. राहिली होती ती पायांकडची.

"तीही?" आई म्हणाली. "मग ती टेकणार कशाला?"

मी गुंडाळी हळूच बाहेर काढली. आम्ही दोघी खाटेच्या दोन बाजूंना उभ्या होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवा पाय निघाला. टाच चादरीवरून सरकली, थोडी पुढे गेली, आणखी थोडी. आईचा हात नकळत पुढे झाला, तळवा उभा, आणि मध्येच थांबला. गुडघा पूर्ण सरळ झालाच नाही. पाय जरा वेळ तसाच हवेत राहिला, आणि आपला आपण पोटाशी परत आला.